एल-५ ची नस दबून पायात उतरणारी जुनाट कळ: आराम नेमका कशाने मिळतो?

कोयनाकाठ:

नमस्कार. मी कराडजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. वय पन्नाशीच्या आतबाहेर आहे. मधुमेह आहे, पण तो मेटफॉर्मिनच्या गोळीवर आटोक्यात आहे. गेल्या गणेशोत्सवाच्या सुमारास कमरेत उसण भरली आणि चार दिवसांत कमर मोकळीही झाली. परंतु त्यानंतर उजव्या नितंबापासून मांडीच्या मागून, पोटरीच्या बाहेरच्या कडेने पावलाच्या वरच्या बाजूस अंगठ्यापर्यंत जी कळ उतरू लागली, ती आता जूनमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली तरी गेलेली नाही. तिला दुखणे म्हणण्यापेक्षा आग म्हणणे अधिक योग्य ठरेल. शिंक आली की कमरेपासून पावलापर्यंत चमक जाते, रात्री पावलावर चादरीचा स्पर्शही सहन होत नाही आणि बसल्यावर त्रास वाढतो. उभ्याने शिकवताना पहिला तास निभतो, मात्र वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासायला बसले की वीसेक वह्या होईपर्यंत पाय कुठे ठेवावा हे कळेनासे होते.

एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या, म्हणजे एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी उजवीकडे सरकून एल-५ ची नस दाबत असल्याचे लिहिले आहे. आतापर्यंत प्रीगाबालिन व मिथाइलकोबालामिन यांची एकत्रित गोळी, अधूनमधून वेदनाशामक गोळ्या, कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कमरेला ताण देणे) आणि शेक एवढे झाले. गोळीने आग थोडी निवते, पण सकाळच्या तासाला डोके जड असते आणि फळ्यावर लिहिता लिहिता वाक्य कुठे सोडले तेच आठवत नाही. एका शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया करून घ्या, असे सांगितले; दुसऱ्यांनी थांबा, असे सांगितले. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी पंचक्रोशीत प्रसिद्ध असलेल्या औषधाच्या पुडीचा आग्रह धरला आहे, कारण त्यांच्या शेजाऱ्यांना तिने दोन दिवसांत आराम पडला.

कमरेच्या दुखण्यावर पुष्कळ माहिती मिळते. मला पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्याबद्दल विचारायचे आहे. ही गोळी पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे का, मधुमेह असताना मणक्यातले इंजेक्शन घ्यावे का, आणि शस्त्रक्रिया ऐच्छिक न राहता आवश्यक कधी ठरते, हे जाणकारांनी किंवा यातून गेलेल्यांनी कृपया सांगावे.

नागपूरचा भूलतज्ज्ञ:

मी भूलतज्ज्ञ असून निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे वेदनाचिकित्सा विभागात काम केले. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही हे गृहीत धरूनच हे वाचावे. तरीही कळ उतरण्याचा जो मार्ग आपण लिहिला आहे तो एल-५ च्या नसेचाच आहे. तिच्या खालची, म्हणजे एस-१ ची नस दुखावली असती तर कळ टाचेकडे आणि करंगळीकडे गेली असती. अहवाल आणि लक्षण एकाच नसेकडे बोट दाखवतात ही जमेची बाजू आहे, कारण पुष्कळ रुग्णांत तसे नसते. कधीही पाठ न दुखलेल्या लोकांच्या मणक्यांच्या चित्रांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या आढळल्या होत्या. म्हणून नुसत्या अहवालावर उपचार ठरवू नयेत.

नस 'दबली' असे आपण सारेच म्हणतो आणि पाण्याच्या नळीवर कुणी पाय ठेवावा तसे चित्र डोळ्यांसमोर आणतो. ते अर्धेच खरे आहे. निरोगी नसेवर नुसता दाब पडला तर मुख्यतः बधिरपणा व अशक्तपणा येतो. आग होण्यासाठी नस सुजलेली असावी लागते, आणि गादीच्या आतला मऊ गर बाहेर येऊन नसेच्या मुळाला लागला की त्यातील रसायनांमुळे ती सूज येते. बाहेर आलेला हा गर शरीर बहुतेक वेळा हळूहळू शोषून घेते, म्हणूनच बहुसंख्य रुग्ण पहिल्या दोन-तीन महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली सरकलेली गादी व पायातली कळ यांचा संबंध दाखवून दिला, तेव्हापासून गादी काढली की दुखणे संपले अशी समजूत रूढ झाली. मात्र सूज महिनोन्महिने टिकली की मज्जारज्जूतील वेदना वाहून नेणाऱ्या पेशीच हळव्या होतात, आणि मग जे एरवी दुखायला नको तेही दुखते. चादरीचा स्पर्श नकोसा वाटणे हे त्याचेच लक्षण आहे. अशा अवस्थेत 'दुखणे शून्यावर आणणे' हे ध्येय ठेवले तर प्रत्येक उपचार अपुरा वाटतो. रात्री सलग किती झोप लागते, न थांबता किती चालता येते आणि एका बैठकीत किती वह्या होतात, यांवर उपचाराचे मोजमाप करावे.

आता गोळीविषयी. मधुमेहामुळे तळपायांची होणारी आग किंवा नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी वेदना यांवर प्रीगाबालिन उपयोगी पडते, हे सिद्ध झालेले आहे. पाठीतून पायात उतरणाऱ्या कळेवर मात्र तिचा पुरावा लंगडा आहे. सिडनीत २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांनंतर प्रीगाबालिन घेणारे आणि औषधविरहित गोळी घेणारे यांच्या पायदुखीत लक्षणीय फरक आढळला नाही. चक्कर येण्याचे प्रमाण मात्र प्रीगाबालिन घेणाऱ्यांत जास्त होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही २०२० पासून या दुखण्यासाठी हे औषध देऊ नये असे म्हटले आहे. आपल्याकडे ते सर्रास दिले जाते आणि काही रुग्णांना त्याने बरे वाटते हेही मी पाहिले आहे, म्हणून सरसकट बंद करा असे मी म्हणणार नाही. परंतु वर्गात वाक्य हरवत असेल तर ही किंमत आपण कशासाठी मोजत आहोत, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. गोळी एकाएकी मात्र थांबवू नये; मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते, नाहीतर झोप उडते, घाम येतो आणि अस्वस्थता वाढते. पर्याय म्हणून रात्री अल्प मात्रेत अमिट्रिप्टिलीन किंवा नॉरट्रिप्टिलीन, अथवा दिवसा ड्युलोक्सेटिन देतात. यांचाही पुरावा फार भक्कम नाही. पहिल्या दोहोंनी तोंड कोरडे पडते व बद्धकोष्ठ होते, आणि काचबिंदू किंवा हृदयविकार असल्यास ते आधी सांगणे आवश्यक असते.

मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वच होय. ते कमी असेल तरच भरून काढण्याचा उपयोग, नसेल तर नाही. आपल्या बाबतीत ते तपासावेच, कारण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकते आणि आहार शाकाहारी असेल तर ती शक्यता वाढते. त्या कमतरतेने होणारा त्रास सहसा दोन्ही पावलांत, मोजे घातल्यासारखा असतो, तो एकाच पायात पट्ट्यासारखा उतरत नाही. पण एकाच रुग्णात दोन्ही असू शकतात आणि मग एकावरच उपचार होत राहतात.

मणक्यातील इंजेक्शन म्हणजे सुजलेल्या नसेच्या मुळाशी स्टेरॉइड व भुलीचे औषध सोडणे. त्याने पायातली कळ काही आठवडे ते दोन-तीन महिने कमी होऊ शकते, पण परिणाम सरासरीने बेताचाच असतो आणि तो टिकेलच असे नाही. मी त्याचा उपयोग उसंत मिळवण्यासाठी करीत असे, म्हणजे त्या काळात रुग्णाची झोप सुधारावी, व्यायाम सुरू व्हावेत आणि गोळ्या उतरवता याव्यात. मधुमेह हा अडसर नाही, परंतु इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते. त्यामुळे घरी तपासण्याची सोय असावी आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवावे. हे इंजेक्शन सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर सुईचे टोक पाहूनच दिले पाहिजे. अंदाजाने देणाऱ्यांकडे जाऊ नये. गंभीर दुष्परिणाम दुर्मीळ असतात, तरी ते होऊ शकतात, आणि त्यांची कल्पना सहीच्या कागदावरच नव्हे तर तोंडीही दिली गेली पाहिजे.

शेवटी, ज्यात वाट पाहायची नसते ते सांगतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस व बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पाय लुळे पडू लागणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो वा रविवार, त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप, वजन घटणे आणि विश्रांतीतही न थांबणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षय आपल्या देशात नेहमी ध्यानात ठेवावा लागतो. आणि पावलाची ताकद कमी होत असेल तर तो प्रश्न वेदनेचा राहत नाही. आपण घरी आधाराला कुणाला तरी घेऊन टाचांवर दहा पावले चालून पाहावे, तसेच दोन्ही पायांचे अंगठे एकाच वेळी वर उचलून कुणाला तरी ते खाली दाबायला सांगावे. उजवा डाव्यापेक्षा लवकर हार मानतो का, ते येथे लिहावे.

मुलुंडकर:

माझी शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. माझीही गादी याच जागची होती आणि मीही सहा महिन्यांहून अधिक काळ वाट पाहिली होती. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरी मी उभा राहत असे, यावरून काय ते समजावे. सूक्ष्मदर्शकातून छोट्या छेदाने गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला. शुद्धीवर आल्यावर कमरेची जखम दुखत होती, पण पायातली आग नव्हती. बधिरपणा मात्र राहिला. अंगठ्याच्या मुळाशी तो आजही थोडा आहे आणि कमरेचा ताठरपणा तर शस्त्रक्रियेने गेलेलाच नाही. म्हणून विचारणाऱ्याला मी एवढेच सांगतो की पाय दुखतो म्हणून करा, कमर दुखते म्हणून करू नका.

अभ्यासांबद्दल बोलायचे तर नेदरलँड्समधील २८३ रुग्णांच्या २००७ सालच्या अभ्यासाचा दाखला नेहमी दिला जातो. लवकर शस्त्रक्रिया झालेले लवकर बरे झाले, परंतु वर्षअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखेच होते, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना अखेर शस्त्रक्रिया करावी लागली. मात्र त्या रुग्णांचे दुखणे अवघे दीड ते तीन महिन्यांचे होते. ताईंच्या प्रश्नाला जवळचा अभ्यास २०२० साली कॅनडात झालेला आहे. त्यात चार ते बारा महिने कळ सोसलेले १२८ रुग्ण होते. सहा महिन्यांनंतर दहापैकी मोजलेली पायदुखी शस्त्रक्रियेच्या गटात २.८ आणि इतर उपचारांच्या गटात ५.२ होती. एवढा काळ लोटल्यावर 'आपोआप बरे होईल' या आशेवर किती रेटायचे, याचा विचार झालाच पाहिजे.

शल्यविशारदांना विचारायचा एक प्रश्न मी आग्रहाने सुचवतो: गादीचा तुकडाच काढणार आहात की स्क्रू आणि सळ्याही घालणार आहात? साध्या सरकलेल्या गादीला, मणका अस्थिर नसेल तर, सहसा स्क्रूंची गरज नसते. स्क्रूंचा सल्ला मिळाला तर कारण विचारावे आणि दुसरे मत घ्यावे. त्याच जागी गादी पुन्हा सरकण्याचा धोका साधारणपणे शंभरात पाच ते दहा जणांना असतो, हेही आधीच माहीत असलेले बरे. खर्चाचा प्रश्न असल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, याची चौकशी अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करता येते.

नागपूरचा भूलतज्ज्ञ:

मुलुंडकरांचा कॅनडाचा दाखला योग्य आहे आणि तो मीच द्यायला हवा होता असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही. त्याच्या शेजारी आणखी एक अभ्यास ठेवतो. ब्रिटनमध्ये १६३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत थेट नसेच्या मुळाशी दिलेले इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली गेली. त्या रुग्णांचे दुखणेही वर्षाच्या आतलेच होते. अठरा आठवड्यांच्या सुमारास दैनंदिन हालचालींच्या क्षमतेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि गंभीर गुंतागुंती घडल्या त्या शस्त्रक्रियेच्या गटात. म्हणून स्नायूंची ताकद शाबूत असेल तर आधी इंजेक्शन, त्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया, असा क्रम लावण्यात काही गैर नाही. ताकद शाबूत नसेल तर हा क्रम लागू होत नाही.

नाशिकची फिजिओ:

कोयनाकाठताई, तुमच्या उपचारांच्या यादीत पट्टा, ट्रॅक्शन आणि शेक आहे, पण व्यायाम कुठेच नाही. हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही, वाईट मात्र वाटले. फिजिओथेरपी म्हणजे यंत्राखाली वीस मिनिटे पडून राहणे असाच आपल्याकडे बहुतेकांचा अनुभव असतो. या कळेवर ट्रॅक्शनचा उपयोग असल्याचा भरवशाचा पुरावा नाही आणि ब्रिटनची मार्गदर्शिकाही ते देऊ नका असेच सांगते. पट्टा एसटीच्या लांबच्या प्रवासाला किंवा लग्नकार्याच्या धावपळीला बांधावा आणि घरी आल्यावर सोडावा; दिवसभर बांधून ठेवल्यास पाठीचे स्नायू कामाला लागतच नाहीत.

गादीच्या दुखण्यात मी सर्वांत आधी एक गोष्ट शोधते: कोणत्या हालचालीने कळ पायातून वर सरकते? न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्या वेलिंग्टनच्या दवाखान्यात १९५६ साली एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, आणि अनेक आठवडे न हटलेली त्याची पायातली कळ कमी झाली. त्यातून पुढे त्यांची पद्धत घडली. पालथे झोपून आधी कोपरांवर आणि मग सोसेल तसे तळहातांवर छाती उचलायची, कंबर मात्र जमिनीलाच ठेवायची. असे आठ-दहा वेळा करताना कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कमरेत गोळा होत असेल तर कमर थोडी अधिक दुखली तरी ते चांगले लक्षण समजावे आणि तोच व्यायाम दिवसातून काही वेळा करावा. उलट कळ अंगठ्याकडे अधिक पसरली तर तो व्यायाम तुमच्यासाठी नाही, तिथेच थांबावे. भुजंगासन सर्वांनाच चालते असे समजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे, कारण वयोमानाने मणक्यांमधली वाट अरुंद झालेल्या आजी-आजोबांना मागे वाकल्याने त्रास वाढतो आणि पुढे वाकल्याने आराम पडतो. तुम्हाला बसल्यावर त्रास वाढतो आणि उभ्याने निभतो, यावरून तुमचा कल मागे वाकल्याने आराम पडणाऱ्या प्रकाराकडे दिसतो, तरी पहिली दोन-तीन सत्रे कुणाच्या तरी देखरेखीखाली करावीत.

दुसरा व्यायाम नसेला ओढ न देता तिची हालचाल करून देण्याचा आहे. उंच खुर्चीवर बसून उजवा गुडघा सरळ करताना मान वर करावी आणि गुडघा खाली घेताना मान खाली घ्यावी. एका टोकाला नस ताणली जाते तेव्हा दुसऱ्या टोकाला ती सैल सुटते, अशी ही जोडी आहे. हे संथपणे, कळ उठण्याच्या अलीकडे थांबून करायचे. पायाचे अंगठे धरून वाकणे, पश्चिमोत्तानासन आणि 'ताण दिला की नस मोकळी होते' या समजुतीने केलेली मांडीची ओढाताण सध्या पूर्ण बंद ठेवावी; सुजलेली नस ताणल्याने आणखी चिडते.

चालण्याबाबत मी रुग्णांना अंतर न सांगता वेळ सांगते. कळ किती मिनिटांनी डोके वर काढते ते पाहावे आणि त्याच्या थोडे आधीच थांबावे. असे दिवसातून तीन-चार वेळा करून दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. एका दिवशी बरे वाटले म्हणून बाजार, बँक आणि माळ्याची साफसफाई एकदम उरकली की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात आणि चालण्याचीच धास्ती बसते. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या २०२४ सालच्या अभ्यासात शिस्तीने चालणाऱ्यांची कमरदुखी उलटायला सरासरी २०८ दिवस लागले, असा कार्यक्रम न दिलेल्यांची ११२ दिवसांतच उलटली. तो अभ्यास साध्या कमरदुखीचा होता, नसेच्या दुखण्याचा नव्हता, तरी कळ ओसरल्यावर पुढे काय करावे याचे उत्तर त्यात आहे.

वह्यांचे म्हणाल तर त्या बसून तपासायच्याच कशाला? गोदरेजच्या कपाटाशेजारी छातीच्या थोडे खाली येईल असे उंच टेबल किंवा स्वयंपाकघराचा ओटा रिकामा करून उभ्याने तपासाव्यात, एक पाय लहान पाटावर ठेवावा आणि दर दहा वह्यांनी पाय बदलावा. एसटीत मागच्या चाकांच्या वरची आणि शेवटची जागा टाळावी. खड्ड्याचा पुरा दणका तिथे बसतो. मांडी घालून बसणे, वाकून केर काढणे आणि जमिनीवरून पाण्याची कळशी उचलणे ही कामे काही महिने घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाऊ द्यावीत. हे सांगणे सोपे आणि घरात अमलात आणणे किती कठीण असते, हे मी रोज पाहते.

रत्नागिरीचा वैद्य:

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे, म्हणून पुडीबद्दल मीच लिहिणे बरे. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत, उत्पादकाचे नाव नाही आणि जी दोन दिवसांत जुनाट वेदना घालवते, तिच्यात स्टेरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक मिसळलेले असण्याचा दाट संशय घ्यावा. ताईंना मधुमेह आहे. अशी पुडी महिना-दोन महिने पोटात गेली तर साखर हाताबाहेर जाईल, चेहरा सुजेल, हाडे ठिसूळ होतील आणि ती एकदम थांबवली तर जिवावरही बेतू शकते. कटिबस्ती (कमरेवर कोमट तेल साठवून ठेवणे) आणि स्नेहन-स्वेदन (तेल लावून वाफेचा शेक देणे) यांनी स्नायूंचा ताठरपणा कमी होऊन पुष्कळांना बरे वाटते, ते मी स्वतःही देतो. पण सरकलेली गादी त्याने जागेवर बसते असे मी कुणाला सांगत नाही. मधुमेहींच्या बधिर पावलांना गरम शेक देताना भाजण्याचा धोका असतो, तेवढे सांभाळावे. पाठीवर पाय देऊन किंवा झटका देऊन 'नस बसवणाऱ्या' हाडवैद्यांकडे मात्र अजिबात जाऊ नये.

कोयनाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. पुडीचा विषय घरात आता संपला आहे. बी-१२ तपासणीसाठी उद्या रक्त देणार आहे. पालथे झोपून कोपरांवर उठण्याचा प्रकार काल सायंकाळी केला. कळ पोटरीपर्यंत वर आली आणि तासाभराने पुन्हा उतरली.

डॉक्टरांनी सांगितलेली परीक्षाही केली. टाचांवर चालताना उजवे पाऊल तिसऱ्या-चौथ्या पावलाला खाली टेकू लागते. अंगठे वर धरून मुलाला दाबायला सांगितले, तर डावा त्याला हलवता आला नाही आणि उजवा त्याने एका बोटाने खाली नेला. विचार केल्यावर लक्षात आले की गेल्या काही आठवड्यांपासून उजव्या पायातली चप्पल चालताना निसटते. ती सैल झाली म्हणून मी नवी घेणार होते. लघवी-शौचाची कोणतीही तक्रार नाही. याचा अर्थ काय घ्यावा?

नागपूरचा भूलतज्ज्ञ:

ताई, याचा अर्थ असा की इंजेक्शन आधी की शस्त्रक्रिया आधी, ही वर झालेली चर्चा तूर्त बाजूला ठेवावी. पाऊल व अंगठा वर उचलणाऱ्या स्नायूंना मुख्यतः एल-५ ची नस चालवते, आणि त्यांची ताकद काही आठवड्यांत कमी झाली असेल तर वेदना किती आहे याच्याशी निर्णयाचा संबंध उरत नाही. ही आज रात्री धावपळ करण्याची बाब नाही, पण सुट्टी मिळेपर्यंत थांबण्याचीही नाही. याच आठवड्यात मणक्याच्या शल्यविशारदांना दाखवावे आणि वेळ मागतानाच 'पाऊल उचलण्याची ताकद कमी झाली आहे' हे शब्द वापरावेत, म्हणजे पुढच्या महिन्याची तारीख मिळणार नाही. त्यांनी ताकद पाचपैकी किती आहे हे कागदावर लिहून द्यावे, असे सांगावे. ताकद अलीकडे घटली असल्यास दाब लवकर काढण्याकडे बहुतेकांचा कल असतो. ती फार आधीपासूनच कमी असेल तर शस्त्रक्रियेने किती परत येईल याची खात्री कुणालाच देता येत नाही, आणि तेही त्यांनी तुम्हाला सांगायला हवे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस वळसा घालणारी नस दबली तरी पाऊल असेच पडते, आणि मधुमेहींत ते अधिक आढळते. त्यामुळे गरज वाटल्यास ते नसा-स्नायूंची विद्युत तपासणीही करून घेतील.

पालथ्याचा व्यायाम तपासणी होईपर्यंत थांबवलात तरी चालेल. जिना उतरताना कठडा धरावा आणि निसटणाऱ्या चपलेऐवजी मागून पट्टा असलेली सँडल वापरावी. मधल्या काळात लघवीची धार मंदावली, बसण्याची जागा बधिर वाटली किंवा पाऊल पूर्णच लटकले तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता थेट आपत्कालीन विभागात जावे. जुन्या एमआरआयची फिल्म आणि सीडी दोन्ही बरोबर न्यावीत, नुसता अहवाल पुरत नाही. बहुधा नवीन एमआरआय सांगितला जाईल आणि त्याला नाही म्हणू नये, कारण इतक्या महिन्यांत तो तुकडा वाढलाही असेल किंवा विरघळलाही असेल, आणि जुने चित्र पाहून शस्त्रक्रिया करणे योग्य नाही.

कोयनाकाठ:

गुरुवारी सायंकाळची वेळ मिळाली आहे. आपण सांगितलेले शब्द फोनवर जसेच्या तसे उच्चारले. त्याआधी तारीख पुढच्या महिन्याचीच देत होते.